गावठी भांगेचं बी जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

उत्तराखंडातल्या कुमाऊँत बटाट्याचे गुटके मागवले की ताटलीत एका कडेला हिरवट-करडी चटणी येते. भाजलेल्या बिया पाट्यावर वाटायच्या, मिरची, मीठ, लिंबू घालायचं, झालं. आपल्या कारळ्याच्या चटणीची चुलत बहीण शोभेल. बिया भांगेच्या आहेत हे कळलं की मराठी पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "चढणार नाही ना?" नाही चढत. नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य मादी फुलोऱ्यावरच्या चिकट राळेत असतं. बीच्या पोटात असतं तेल आणि प्रथिनं. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे बी रीतसर खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. किलोभर बियांत टीएचसी ५ मिलिग्रॅमच्या वर नको, एवढी अट घातली.

पहाडातल्या घरात हे बी डब्यात असतं. त्यातलंच मूठभर पुढच्या हंगामात परसात, गोठ्यामागच्या खताळ जमिनीत पडतं. खोडाच्या सालीचा वाख काढून दोर वळायचे, बी खायचं, उरलेलं पेरायचं. या साध्या रिवाजात एक अख्खं जनुकशास्त्र चालू असतं. ते समजून घेतलं की "भांगेचं देशी वाण वाचवा" असं म्हणणं किती सोपं आणि करणं किती अवघड, हे लक्षात येतं.

आधी नावांचा घोळ निस्तरू. मराठी बातम्यांत हेम्पचं, म्हणजे वाखासाठी-बियांसाठी लावलेल्या भांगेचं, भाषांतर कधी ताग होतं, कधी अंबाडी. दोन्ही चूक. अंबाडी भेंडीच्या कुळातली. तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे 'भांगेसारखी', आणि साहेब तिला डेक्कन हेम्प म्हणायचा. घोटाळा तिथून सुरू झाला. या लेखात भांग म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलेलं झाड. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडंही नव्हेत. पानं ती भांग, मादीचा फुलोरा तो गांजा, राळ ती चरस. झाड एकच.

वाण नव्हे, वस्ती

मालदांडी ज्वारी सगळ्यांना माहीत असते. सोलापूरकडच्या गावठी मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेलं एम ३५-१ हे वाण आजही रब्बीत पेरलं जातं. कुणीतरी बसून निवड केली, नाव दिलं, पुढे ते जपलं गेलं. परदेशात ज्याला हेअरलूम म्हणतात ते साधारण असं: वारशाने आलेलं, ओळख ठरलेलं वाण. लँडरेस त्याच्याही आधीची पायरी. ती कुणी 'तयार' केलेली नसते. एका खोऱ्यात शेकडो वर्षं तेच बी पेरलं गेलं, तिथल्या थंडीने, पावसाने, किडीने आणि माणसाच्या हाताने नको ते गाळलं, आणि जे उरलं ते त्या मातीचं झालं. आपल्याकडे यासाठी 'गावठी' हा नेमका शब्द आहे. तो आपण हेटाळणीनेही वापरतो, हे आपलं दुर्दैव.

गावठी वाणातली सगळी झाडं सारखी नसतात, आणि तिथेच त्याची ताकद असते. त्याला वाण म्हणण्यापेक्षा वस्ती म्हणावं. गावात उंच माणसं असतात, ठेंगणी असतात, कुणी थंडी सोसतं, कुणी ऊन. ज्या वर्षी पाऊस लवकर गेला त्या वर्षी लवकर फुलणारी झाडं वाचतात. ज्या वर्षी बुरशी आली त्या वर्षी दुसरीच कुणी. हायब्रीड म्हणजे गणवेशातली शाळा: दिसायला देखणी, पण एकाला गोवर झाला की सगळ्यांना.

भांगेच्या बाबतीत या वस्त्या जगभर पसरलेल्या आहेत. २०२१ मध्ये ११० झाडांचे पूर्ण जीनोम तपासून झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की माणसाने हे झाड सुमारे १२,००० वर्षांपूर्वी पूर्व आशियात लागवडीखाली आणलं, आणि त्याचा अस्सल रानटी पूर्वज बहुधा नामशेष झालेला आहे. आज रस्त्याकडेला जे रानटी वाटतं ते बरंचसं शेतातून पळालेलं. याचा अर्थ गंभीर आहे. गव्हाचे किंवा वांग्याचे रानटी नातेवाईक अजून डोंगरात आहेत, वाणात काही कमी पडलं तर त्यांच्याकडून मागून आणता येतं. भांगेला असा आजोळचा आधार नाही. जे आहे ते गावठी वस्त्यांमध्येच.

पपई आणि वारा

ज्वारीचं बी जपणं तुलनेने सोपं. ज्वारी बव्हंशी स्वतःच्याच परागावर फळते, त्यामुळे दहा चांगली कणसं बाजूला काढली की मूळ बऱ्यापैकी टिकतं. भांगेत हे चालत नाही, कारण भांग पपईसारखी आहे: नर झाड वेगळं, मादी वेगळी. आणि त्यावर मक्यासारखी: पराग वाऱ्यावर. मादीच्या फुलोऱ्यावर कुठल्या नराचा पराग येऊन बसला, हे बी पाहून कळत नाही. पुढच्या हंगामात पोरं मोठी झाली की कळतं.

वारा किती लांब नेतो? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात दक्षिण स्पेनच्या मालागा भागातल्या हवेत भांगेचा पराग सापडला, आणि वाऱ्याचा माग काढल्यावर तो समुद्रापलीकडून, मोरोक्कोहून आल्याचं दिसलं. समुद्र ओलांडून आलेल्या परागातला किती जिवंत असेल हा वेगळा मुद्दा. पण शेजारच्या डोंगरावरचा नक्की असतो. युरोपात हेम्पच्या काही मूळ बियाण्यांसाठी दुसऱ्या पिकापासून ५ किलोमीटर अंतर राखावं लागतं. आपल्याकडच्या एखाद्या अरुंद खोऱ्यात ५ किलोमीटरमध्ये चार गावं बसतात.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. ती कागद-पेन्सिल घेऊन समजून घेण्यासारखी आहे.

समजा, एका खोऱ्याच्या भांगेत बुरशीला तोंड देणारा एक जनुक आहे, पण दुर्मीळ: शंभर प्रतींतल्या पाचांमध्येच. प्रत्येक झाडात जनुकाच्या दोन प्रती असतात. तुम्ही १० झाडांचं बी आणलंत, म्हणजे २० प्रती आल्या. त्या विसांत तो जनुक एकदाही न येण्याची शक्यता ०.९५ ला वीस वेळा गुणलं की मिळते: सुमारे ३६ टक्के. म्हणजे तीनांतल्या एका वेळी तुम्ही तो जनुक गावातच विसरून आलात, आणि तुम्हाला पत्ताही नाही. ३० झाडं घेतली तर ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. शंभर घेतली तर जवळपास शून्य. हे झालं एका जनुकाचं आणि एका पिढीचं. दर पेरणीला हीच सोडत पुन्हा निघते, आणि एकदा हरवलेलं परत येत नाही.

यातही नर किती ठेवले यावर सगळं ठरतं. जनुकशास्त्रात 'परिणामकारक संख्या' नावाचा हिशेब आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले एकूण झाडं. ५० झाडांत २५ नर, २५ माद्या असतील तर उत्तर येतं ५०. नर ५ आणि माद्या ४५ असतील तर १८. एकच नर ठेवला आणि ४९ माद्या, तर उत्तर येतं जेमतेम ४. शेतात पन्नास झाडं डोलताहेत, पण वारसा चार झाडांचा. सगळी पुढची पिढी सावत्र भावंडं.

आता गंमत अशी, की गांजाच्या धंद्याचा सगळा कल नर उपटण्याकडे. पराग मिळाला नाही की मादी बी धरत नाही आणि राळ वाढवते. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने बंगालमधल्या नौगावची, म्हणजे आजच्या बांगलादेशातली, लागवड तपशिलाने नोंदवली. तिथे शेतात फिरून नर ओळखणारा तज्ज्ञ असायचा, त्याला परखदार म्हणत. इंग्रजांनी त्याला 'गांजा डॉक्टर' करून टाकलं. परखदार जितका हुशार, तितकं बी कमी. बी जपणाऱ्याला नेमकं उलटं वागावं लागतं: सुंदर झाडं निवडण्याचा मोह आवरायचा, खुरटी, उशिरा फुलणारी, वासाला बेताची झाडंही राहू द्यायची, आणि नरांना जगू द्यायचं. 'सर्वोत्तम'च निवडायला लागलात की तुम्ही जतन करत नाही, नवं वाण काढताय. तेही चांगलं काम आहे, पण वेगळं काम आहे.

त्याच कमिशनच्या कागदांत मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीसाठी अहमदनगरचं नाव येतं, मध्य प्रांतात खांडव्याचं. त्याच नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भाताची गावठी बियाणी गोळा करून जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाच्या बियाला घरातली उतरंड मिळाली, मडक्यातली राख मिळाली. गांजाच्या वाणाला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ते नशीब नव्हतं.

रिफच्या डोंगरातली 'गावठी'

पोलिसांच्या धाडींनी गावठी वाणं संपतात असा एक समज आहे. संपतात, पण त्याहून लवकर ती पैशाने संपतात. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण उत्तर मोरोक्कोच्या रिफ पर्वतात आहे. तिथल्या जुन्या वाणाला लोक 'बेल्दिया' म्हणतात. बलद म्हणजे गाव, मुलूख, शब्दशः 'गावठी'. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाच्या ओलीवर फेकून पेरायची आणि उन्हाळ्याच्या शेवटाला, ऑगस्टच्या सुमारास कापायची. पाणी द्यायचं नाही. झाडं ठेंगणी, दाट. नर-मादी एकत्र उभे. वाळल्यावर कापडावर बडवून चाळायचं, राळेची भुकटी खाली आणि बी वर. पुढच्या वर्षीचं बियाणं फुकटात हाती, आणि तेही हजारो झाडांचं. वर सांगितलेला सगळा हिशेब या शेतकऱ्यांनी न मांडताच पाळला होता.

मग या शतकाच्या सुरुवातीला 'खर्दाला' नावाचा संकर आला, मागून 'क्रिटिकल'सारखे आणखी. त्यांतून राळ कितीतरी पट निघते, म्हणून लोकांनी ते घेतले, आणि त्यात दोष देण्यासारखं काही नाही. आपल्या बापजाद्यांनी हायब्रीड ज्वारी घेतली ती याच कारणाने. पण या संकरांना भर उन्हाळ्यात पाणी लागतं. कोरड्या डोंगरात विहिरी खोल जाऊ लागल्या. आणि बेल्दियाची शेतं आक्रसत गेली.

२०२१ मध्ये मोरोक्कोने १३-२१ क्रमांकाचा कायदा करून औषधी आणि औद्योगिक वापरासाठी लागवड कायदेशीर केली. अल होसेमा, शेफशावेन आणि तावनात हे तीन प्रांत त्यासाठी ठरवले. सुरुवातीला परवानाधारकांनी बाहेरून आणलेलं बी पेरलं. बेल्दियाला रीतसर परवानगी मिळाली २०२४ मध्ये. त्याच ऑगस्टमध्ये राजाने लागवडीच्या खटल्यांत अडकलेल्या सुमारे ४,८०० लोकांना माफी दिली. त्यांतल्या कित्येकांच्या वाडवडिलांनी जे बी टिकवलं, त्यासाठीच ते आजवर फरार होते.

फ्रीजर फक्त मुदत वाढवून देतो

शेतात टिकत नसेल तर बी थंडीत ठेवा, हा पुढचा उपाय. भांगेचं बी सुकवून गोठवता येतं, त्यामुळे तांत्रिक अडचण नाही. पण त्यात तीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं, आणि तेल खवट होतं. साध्या खोलीत ठेवलं तर दोन-तीन वर्षांत उगवण ढासळते. बियाणेशास्त्रातला ढोबळ नियम असा: बीमधला ओलावा एका टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट, तापमान पाच-सहा अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणून आधी कोरडं, मग थंड. दमट बी गोठवलं तर मरतं. जनुकपेढ्यांत दीर्घ मुदतीसाठी उणे १८ अंश राखतात. आणि एक बारीक गोष्ट, जी वालापासून मिरचीपर्यंत कुठल्याही बियाला लागू आहे: बरणी फ्रीजमधून काढली की लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर हवेतलं बाष्प थंड बियांवर जमतं आणि वर्षभराची मेहनत पाच मिनिटांत वाया.

पण गोठवलेलं बीही म्हातारं होतंच. ठरावीक वर्षांनी थोडं काढून उगवण तपासायची, आणि ती घसरली की पेरून नवं बी घ्यायचं. म्हणजे शेवटी शेत लागतंच. जगातल्या सर्वांत मोठ्या भांग-संग्रहांपैकी एक आहे सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९२४ मध्ये अफगाणिस्तानात फिरले तेव्हा त्यांनी तिथल्या भांगेचीही नोंद केली. पुढे स्टॅलिनच्या तुरुंगात, सारातोव्हला, जानेवारी १९४३ मध्ये ते गेले. त्याच काळात जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, त्यांचे सहकारी पोत्यांतलं धान्य न खाता उपाशी मेले. इतकं सोसून वाचलेल्या त्या संस्थेत १९९० च्या दशकात भांगेचं बी पैशांअभावी धोक्यात आलं: पेरून नवं करायची वेळ झाली होती आणि खर्चाला निधी नव्हता. बाहेरच्या मदतीने ते काम उरकावं लागलं.

शेत कुठलं, हाही प्रश्नच. भांग रात्रीची लांबी मोजून फुलते. केरळातल्या इडुक्कीचं झाड दहाव्या अक्षांशावर, जवळपास बारा तासांच्या रात्रीत वाढलेलं. ते साठाव्या अक्षांशावरच्या सेंट पीटर्सबर्गला पेरलं तर फुलायच्या आत थंडी येऊन मारून टाकते. हरितगृहात वाढवलंत तर जगेल, पण आता निवड तुमचं हरितगृह करतंय, इडुक्कीचा पाऊस नाही. दहा पिढ्यांनी पाकिटावर नाव तेच राहील, आत मात्र दुसरंच कुणी असेल. परदेशी बाजारात 'मलाना' (हिमाचलातलं चरससाठी प्रसिद्ध गाव) किंवा 'केरळ' नावाने विकली जाणारी पाकिटं मी म्हणूनच फारशी गंभीरपणे घेत नाही.

निर्दोष बी, गुन्हेगार झाड

आपल्या देशातला पेच इथे येतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या व्याख्येतून सुटं बी आणि सुटी पानं वगळलेली आहेत. म्हणजे बी निर्दोष. पण तेच बी परवान्याविना मातीत पडलं की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वर आपण पाहिलं की बी जपणं म्हणजे अधूनमधून ते पेरणं. पहिलं अर्धं वाक्य कायदेशीर, दुसरं बेकायदा. कलम १४ खाली सरकार वाख, बी किंवा बागायती कामासाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं, आणि वैज्ञानिक कामासाठीही परवान्याची वाट आहे. विद्यापीठांना ती चालता येते. गोठ्यामागे मूठभर पेरणाऱ्या आमाला, म्हणजे पहाडातल्या आजीला, कोण अर्ज भरून देणार?

उत्तराखंडने २०१८ मध्ये, देशात सर्वांत आधी, हेम्पच्या व्यापारी लागवडीचा परवाना दिला. अट: टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत. हा आकडा कुठून आला? अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये भांगेचं वर्गीकरण करताना सोयीसाठी एक रेघ मारली. ती मनाने ठरवलेली आहे हे त्यांनी लपवलंही नव्हतं. पुढे तीच रेघ देशोदेशीच्या कायद्यांत जाऊन बसली. पहाडातली गावठी झाडं बहुधा त्या रेघेच्या वर भरतात, कारण त्यांना कुणी या आकड्यासाठी निवडलंच नव्हतं. परिणामी परवानाधारकाला सोपं पडतं ते बाहेरून आणलेलं कमी टीएचसीचं बी. आणि एकदा ते खोऱ्यात फुललं की वारा परवाना विचारत नाही.

यावर उपाय म्हणून गावठी वस्तीतूनच कमी टीएचसीची झाडं निवडता येतात, आणि ते करावंच. फक्त ती निवड म्हणजे जतन, असं समजू नये. निवडलेल्या वाणाच्या जोडीला न निवडलेली मूळ वस्ती, नरांसकट आणि खुरट्यांसकट, कुठेतरी वेगळ्या खोऱ्यात उभी राहायला हवी. हिमाचलने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांकडे नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक अभ्यास सोपवला आहे. तिथे काय पेरलं जातं याकडे माझं लक्ष आहे.

शेवटी, बियांच्या पुडीवर काय लिहायचं? फक्त नाव लिहून भागत नाही, कारण नाव कुणीही छापतं. पत्ता लिहावा लागतो: गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, उतार सावलीचा की उन्हाचा, किती झाडांचं बी, त्यांत नर किती होते, पेरणी-कापणीचे महिने, लोक ते वाखासाठी लावतात की चटणीसाठी की आणखी कशासाठी. आणि बी दिलं कुणी. जनुकपेढ्या अशाच नोंदी मागतात. कुमाऊँतल्या एखाद्या बाईने विश्वासाने पदरातलं मूठभर बी हातावर ठेवल्यावर ही पुडी भरायला बसलं, तर शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबतं. जनुकशास्त्राच्या दृष्टीने ती नोंद आहे, आणि ठाण्यातल्या फौजदाराच्या दृष्टीने कबुलीजबाब.